दाखला आणि नोंद : दोन देशांतील कचेऱ्या



आजच्या व्याख्यानाला आपल्या चिटणीसांनी ‘दोन देशांतील सरकारी कचेऱ्या’ असे भारदस्त नाव दिले आहे. विषय मोठा आणि माझा अनुभव एका टेबलापुरता. महाराष्ट्रातील एका नगरपालिकेत मी नऊ वर्षे जन्ममृत्यूच्या नोंदवह्या सांभाळल्या, आणि इस्राएलमध्ये आल्यावर निवृत्त होईपर्यंत एका इरियाच्या दप्तरखान्यात काम केले. तेव्हा पोलीस, आयकर, रेल्वे यांविषयी मी काही बोलणार नाही. माणूस जन्मतो, नाव धारण करतो, लग्न करतो आणि मरतो. ह्या चार गोष्टी दोन्ही देशांतील सरकारे कशा लिहून ठेवतात, एवढेच सांगणार आहे. ज्यांच्या घरी नातवाचे लग्न ठरले आहे, किंवा ज्यांची मुले भारताच्या ओ.सी.आय. कार्डासाठी आजोबांचे कागद शोधीत आहेत, त्यांना हा विषय कोरडा वाटणार नाही अशी आशा आहे.

कचेरीचा विषय निघाला की आपल्या घरांतून दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, “तिकडे हेलपाटे घालून चपला झिजत, इथे सगळे संगणकावर.” दुसरा म्हणतो, “तिकडचा कारकून निदान ‘बसा’ तरी म्हणे. इथली पकिदा मान वर करून पाहत नाही.” दोघेही माणसांच्या स्वभावाविषयी बोलत असतात. मला मात्र दोन्ही टेबलांच्या आतल्या बाजूला बसून असे दिसले की, फरक स्वभावाचा कमी आणि रचनेचा अधिक आहे. भारतात तुमच्याविषयीचे सत्य कागदावर असते आणि तो कागद तुमच्या पेटीत असतो. इस्राएलमध्ये ते सत्य नोंदीत असते आणि ती नोंद सरकारच्या पेटीत असते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, म्हणजे दोन्हीकडच्या बहुतेक तऱ्हांचा उलगडा होतो.

ह्या भेदाला एक वर्षही सांगता येते, ते १९४८. त्या वर्षी ८ नोव्हेंबरला, लढाई पुरती संपलेली नसताना, इस्राएलच्या नव्या सरकारने संध्याकाळी संचारबंदी पुकारून घरोघर माणसे मोजली. त्या मोजणीचा हेतू केवळ आकडा काढणे हा नव्हता. तिच्यातूनच रहिवाशांची नोंदवही तयार झाली, माणसांना क्रमांक मिळाले, आणि पुढचे सगळे त्या वहीवर उभे राहिले. त्याच १९४८ साली भारताने जनगणनेचा कायदा केला. त्याचे १५ वे कलम नेमके उलटे सांगते : मोजणीत घेतलेली व्यक्तीची माहिती कोणाला पाहता येणार नाही आणि न्यायालयात पुरावा म्हणून चालणार नाही. म्हणजे एका देशाने माणसे मोजली ती त्यांना वहीत मांडण्यासाठी. दुसऱ्याने मोजली आणि वही कुलूपबंद करून टाकली. दोन्हीकडे आधी इंग्रजांचाच अंमल होता, तरी मार्ग असे वेगळे झाले. काही लाखांच्या देशाला जे एका संध्याकाळी जमले ते कोट्यवधींच्या देशाला जमणारे नव्हते, हेही लक्षात घेतले पाहिजे.

आता प्रथम तिकडची कचेरी पाहू.

भारतात जन्माची नोंद माणसाच्या नावाने नव्हे, तर गावाच्या नावाने सापडते. मूल जिथे जन्मले तिथली ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिका ती नोंद ठेवते. आई बाळंतपणाला माहेरी रोह्याला गेली असेल, तर मुंबईत वाढलेल्या माणसाचा जन्म रोह्याच्या वहीत राहतो, आणि साठ वर्षांनी त्याची मुले मुंबईच्या वॉर्ड ऑफिसात तो शोधीत बसतात. आज लागू असलेला जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून अमलात आला. घटना घडल्यापासून २१ दिवसांत वर्दी द्यावयाची. एक वर्ष उलटून गेले तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही.

माझ्या टेबलावर येणाऱ्या लोकांचा सर्वांत मोठा घोटाळा वेगळाच असे. जुन्या वह्यांत बाळाच्या नावाचा रकाना पुष्कळदा कोराच असतो. वर्दी देणारा मनुष्य जन्मानंतर दोनतीन दिवसांत येई. तेव्हा बाळाला नावच ठेवलेले नसे. आपल्यात तर मुलाचे नाव आठव्या दिवशी सुंतेला आणि मुलीचे पाळण्यात घालताना. मग वहीत लिहिले जाई : ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’, बापाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, संपले. नंतर येऊन नाव भरण्याची सोय कायद्यात आहे, पण त्यासाठी पुन्हा कोण येतो? म्हणून आपल्यापैकी अनेक ज्येष्ठांच्या जन्मदाखल्यावर त्यांचे नावच नाही. त्यांची जन्मतारीख सिद्ध होते ती शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून, आणि त्या दाखल्यावरची तारीख बहुधा पहिलीत नाव घालताना गुरुजींनी विचारून, क्वचित अंदाजाने, घातलेली असते.

तरीही त्या शाळेच्या दाखल्याला मी फार मान देतो. त्यावर ‘धर्म व जात’ असा एक रकाना असतो. ज्या समाजाला कोकणातल्या शेजाऱ्यांनी शनवार तेली म्हणून ओळखले, त्याचा धर्म गुरुजींनी कसा लिहावा हे त्यांच्या समजुतीवर राही. म्हणून कुठे ‘ज्यू’, कुठे ‘यहुदी’, कुठे नुसते ‘बेने इस्राएल’ असे सापडते. पुढे सरकारी अर्जांत आपण ‘इतर’ ह्या रकान्यात जाऊन बसलो. महाराष्ट्र सरकारने ज्यूंना धार्मिक अल्पसंख्याकांचा दर्जा दिला तो २०१६ साली, म्हणजे आपल्यातले बहुतेक लोक तिथून निघून आल्यानंतर.

तिकडच्या कारभाराची रीत तुम्हांला माहीतच आहे. अर्ज ‘मा. महोदय’ पासून ‘आपला विश्वासू’ पर्यंत लिहावयाचा, आवक खिडकीवर देऊन पोच घ्यावयाची, कारकून त्यावर टिपणी लिहितो, टिपणी साहेबापुढे जाते, साहेब शेरा मारतात, आणि मग गोल शिक्क्याचा दाखला हातात पडतो. यात दिवस जातात. पण यात एक माणूसही असतो, आणि त्या माणसाला थोडे ठरवता येते. वहीत ‘सामाजी’ आणि अर्जात ‘सॅम्युएल’ असेल, तर प्रतिज्ञापत्र करून आणा, दोन प्रतिष्ठित साक्षीदार आणा, असा मार्ग तो सुचवू शकतो. आपल्याकडे सॅम्युएलचा सामाजी आणि इसहाकचा इसाजी होत असे, हे त्या टेबलावरच्या माणसाला ऐकून तरी माहीत असते. हाच माणूस लाचही मागू शकतो, हे मी नाकारीत नाही. ज्या फटीतून दया आत येते, त्याच फटीतून वशिलाही येतो.

इस्राएलमध्ये मूल इस्पितळात जन्मते तेव्हाच त्याला क्रमांक मिळतो. नऊ आकडे, त्यांतला शेवटचा आकडा आधीच्या आठांवरून गणिताने काढलेला, म्हणजे लिहिताना एक आकडा चुकला तर यंत्राला लगेच कळावे. कुपत होलिम, शाळा, सैन्य, बँक, बितुआह लेउमी, सर्वत्र हाच क्रमांक. आपण येथे आलो त्या दिवशी आपल्यालाही तो मिळाला. भारतातले आधार क्रमांकाचे बारा आकडे पाहून काहींना दोन्ही एकच वाटतात; पण भारताचा आधारविषयक कायदाच सांगतो की तो क्रमांक नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. तेउदत झेहूतच्या मागे मात्र १९६५ च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याची अख्खी वही उभी असते.

ह्या रचनेचे सुख मोठे आहे. भारतात दहा कचेऱ्यांत दहा वेळा आपण कोण हे सिद्ध करावे लागते, येथे एकदाच. माझ्या शेजारणीने घर बदलले आणि पत्त्याची नोंद एका जागी केली. त्यानंतर कोणत्या कचेरीने तिला विजेचे बिल मागितले नाही. पण चूकही तितक्याच सुखाने पसरते. तिकडे एका दाखल्यात चूक झाली तर दुसरा दाखला बरोबर असतो. येथे मूळ नोंदीत चूक शिरली की ती कुपत होलिममध्ये, सैन्यात, बँकेत आणि शेवटी कबरीच्या दगडावरसुद्धा जाते. आणि खिडकीपलीकडच्या पकिदेला रागावून उपयोग नाही. तिला ठरवावयाचे असे काही ठेवलेलेच नाही. ती उद्धट वाटते, कारण तिच्यापुढे पडदा असतो आणि त्या पडद्यावर जे नाही ते तिच्यालेखी जगात नाही.

नावांचेच पाहा. समजा, एकाचे नाव हनोख, बापाचे अब्राहम, आडनाव आपटेकर. मराठी रीतीने तो हनोख अब्राहम आपटेकर. भारतीय पासपोर्टात आडनावाची एक ओळ आणि उरलेल्या नावाची दुसरी; त्या दुसऱ्या ओळीत ‘हनोख अब्राहम’ असे दोन्ही शब्द बसतात. येथे उतरल्यावर ती ओळ जशीच्या तशी ‘शेम प्रती’ झाली, आणि बापाच्या नावाचा रकाना वेगळा असल्यामुळे अब्राहम तिथे पुन्हा आला, तोही अवराहाम होऊन. आता आडनाव. हिब्रूत ‘प’ आणि ‘फ’ यांना एकच अक्षर. शब्दाच्या मध्ये बिंदू नसताना ते वाचणारा आपटेकरचा आफटेकर करतो. पुढे मुलाचा पासपोर्ट हिब्रूवरून इंग्रजीत लिहिला गेला की ती चूक छापील होते. मग भारतीय दूतावासात बाप एका आडनावाचा आणि मुलगा दुसऱ्या आडनावाचा असे उभे राहतात, आणि तिथला कारकून, जो पुन्हा आपल्या तिकडच्याच पद्धतीचा, विचारतो : “हे तुमचेच वडील, कशावरून?”

यावर उपाय दोन्ही देशांत आहे, पण निराळा. महाराष्ट्रात नाव बदलायचे म्हणजे ते शासकीय राजपत्रात छापून आणायचे. जुने नाव आणि नवे नाव एकाच ओळीत, जगाला दिसेल असे. तो राजपत्राचा कागद जन्मभर जपून ठेवावयाचा. येथे १९५६ चा नावांचा कायदा आहे. गृहखात्याला कळवले की नोंद बदलते, मात्र एकदा बदलल्यावर साधारणतः सात वर्षे पुन्हा बदलता येत नाही. म्हणून माझी विनंती अशी की, नातवंडांच्या आग्रहाने नाव ‘हिब्रू’ करून घेण्याच्या आधी जुन्या नावाचा तपशील असलेला नोंदीचा उतारा मागून घ्या. नव्या तेउदत झेहूतवर जुने नाव ठळक राहील अशा भरवशावर राहू नका.

आता लग्नाकडे येतो. कारण आपल्या समाजाला सर्वांत जास्त बोचलेली कचेरी तीच आहे.

महाराष्ट्रात लग्न आपण आपल्या रिवाजाने मशिदीत लावतो. (तरुण मंडळींसाठी सांगतो : आपले वडीलधारे सिनेगॉगला मशीदच म्हणत.) नंतर विवाह निबंधकाकडे ज्ञापन भरून द्यावयाचे. त्यावर वधू, वर आणि तीन साक्षीदार यांच्या सह्या, आणि विवाह लावणाऱ्या पुरोहिताची सही. छापील शब्द ‘पुरोहित’ आणि त्याच्यापुढे आपल्या हझानसाहेबांची सही, असे दाखले मी पाहिले आहेत, आणि मला त्यांत काही विसंगत वाटले नाही. सरकारला तिथे एवढेच हवे असते की लग्न झाले. तुम्ही ज्यू आहात की नाही, हे तिथल्या कारकुनाने कधी विचारले नाही. तसे विचारणे हे आपले काम आहे असे त्याला वाटलेच नाही.

इस्राएलमध्ये ज्यूंची लग्ने १९५३ च्या कायद्याप्रमाणे रब्बानुतच्या अधिकारात आली. तेव्हा येथे कचेऱ्या दोन झाल्या : गृहखाते आणि रब्बानुत. पुष्कळांना वाटते की गृहखात्याच्या वहीत ‘यहुदी’ लिहिलेले आहे, मग रब्बानुत पुन्हा का विचारते? उत्तर कायद्यातच आहे. १९६५ च्या कायद्याचे ३ रे कलम म्हणते की नोंदवही तिच्यातील तपशिलांचा प्रथमदर्शनी पुरावा धरली जाईल. परंतु राष्ट्र, धर्म, वैवाहिक स्थिती आणि जोडीदाराचे नाव, एवढे वगळून. म्हणजे तुमची जन्मतारीख ती वही सिद्ध करते, तुमचा धर्म नाही. जी वही इतर सर्वत्र ब्रह्मवाक्य मानली जाते, ती नेमकी ह्या दारात मुकी होते, आणि तिथे पुन्हा कागद लागतो.

ह्या दारात आपल्या लोकांचे काय झाले ते येथल्या ज्येष्ठांना सांगावयास नको. तरुणांना सांगितले पाहिजे. १९६२ साली मुख्य रब्बीपीठाने विवाह नोंदवणाऱ्यांना असे निर्देश दिले की बेने इस्राएल व्यक्ती लग्नास आली तर तिच्या आईच्या, आजीच्या आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. निर्देशात आपल्या समाजाचे नाव लिहिले होते. ज्या कुळांनी कोकणात शब्बाथ पाळला, त्यांनी पणजीचा दाखला कुठून आणावा? तिकडे तर आईच्या नावापुढचा रकानाच कित्येकदा कोरा! १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे मुलाबाळांसह जेरुसलेममध्ये धरणे धरून बसली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटची खास बैठक भरली, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत इतरांच्या बरोबरीचे ज्यू आहेत असे ठरले, आणि त्यानंतर निर्देशातून आपले नाव काढले गेले. मी हे केवळ इतिहास म्हणून सांगत नाही. त्या झगड्याकडे आपण मानाचा प्रश्न म्हणून पाहतो, आणि तो होताच. पण कारकुनाच्या नजरेने पाहिले तर तो दोन देशांच्या दप्तरांचा झगडाही होता. एका देशाने जे कधी लिहूनच ठेवले नाही, ते दुसरा देश मागत होता.

मग आपल्याजवळ होते काय? आपली स्वतःची कचेरी होती. गावोगावच्या आपल्या पंचायतीत मुकादम असे, त्याच्या हाताखाली चौगुला असे, गबय हिशेब पाही, हझान प्रार्थना चालवी, समास निरोप पोहोचवी. लग्न, सुंता, मृत्यू ह्या लोकांना कळल्याशिवाय होत नसे. केतुबा लिहिली जाई. आज नातवाच्या लग्नासाठी रब्बानुतमध्ये आईवडिलांची, मिळाल्यास आजीची, केतुबा दाखवता आली, तर अर्धे काम तिथेच होते. सरकारी विवाहदाखला हरवला तर निबंधकाकडून प्रत मिळेल. केतुबेची प्रत कोणत्याही सरकारकडे नाही. अलिबागच्या इस्राएल आळीत किंवा पेण, रेवदंडा इथल्या मशिदींत आता मोजकी कुटुंबे उरली आहेत. कोकणचा पावसाळा आणि वाळवी यांना कागदाचे महत्त्व कळत नाही. ज्यांचे नातलग अजून तिकडे आहेत, त्यांनी जुन्या वह्यांची आणि केतुबांची छायाचित्रे ह्या हिवाळ्यात काढून आणवावीत. पुढच्या जूनची वाट पाहू नये.

लग्न भारतात करून येथे आलेल्यांची बाब त्या मानाने सोपी आहे. १९६३ साली येथील सर्वोच्च न्यायालयाने फुंक-श्लेझिंगर खटल्यात सांगितले की परदेशातील विवाहाचा रीतसर दाखला पुढे आला की नोंदणी अधिकाऱ्याने नोंद करावी. तो विवाह धर्मशास्त्राने वैध की अवैध, हे ठरवणे त्याचे काम नव्हे. मला तो निकाल फार आवडतो. तिकडे नगरपालिकेत आमचे अधीक्षक हेच निराळ्या शब्दांत सांगत : “आपण लिहिणारे, न्याय देणारे नव्हे.”

तिकडचा कागद येथे आणि येथला तिकडे चालावा कसा? त्यासाठी ॲपोस्टिल. हेग येथे १९६१ साली झालेल्या कराराप्रमाणे एका देशाने आपल्या कागदावर हे प्रमाणपत्र जोडले की दुसरा देश वेगळी पडताळणी न मागता तो मान्य करतो. इस्राएल ह्या करारात १९७८ पासून आहे, भारत २००५ पासून. भारतात आधी राज्य सरकारचे प्रमाणीकरण आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे ॲपोस्टिल. येथे सरकारी कागदावर परराष्ट्र खाते देते आणि नोटरीच्या कागदावर न्यायालयाची कचेरी.

भाषांतराची अडचण याहून मोठी. येथील नोटरीला दोन्ही भाषा येत असतील तरच तो भाषांतर अचूक असल्याचे प्रमाणपत्र स्वतःच्या नावावर देऊ शकतो. मराठी आणि हिब्रू दोन्ही जाणणारा नोटरी शोधून काढणे म्हणजे किती दिवसांचे काम, ते ज्यांनी केले त्यांना विचारा. म्हणून तिकडून दाखला मागवताना तो मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांतला मागवावा. इंग्रजीवरून हिब्रू करणारे नोटरी गल्लोगल्ली आहेत. आणि नोंद सापडलीच नाही, तर निराश होऊन परत येऊ नये. ‘शोध घेतला असता नोंद आढळून येत नाही’ असा दाखला द्या, असे म्हणावे. तोही दाखलाच आहे, त्यावरही गोल शिक्का असतो, आणि त्याच्या आधारावर शाळेचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र पुढे ठेवता येते.

ओ.सी.आय. कार्डाविषयी बरेच विचारले जाते. भारतीय नागरिक असलेल्यांची मुले, नातवंडे आणि पतवंडे यांना ते मिळू शकते. येथे सक्तीची सैन्यसेवा केलेल्या मुलांनाही ते मिळेल, हे भारताच्या पंतप्रधानांनी २०१७ च्या जुलैत तेल अवीवला आपल्यासमोर जाहीर केले. तिथे लागणारी गोष्ट म्हणजे साखळी : आजोबा भारतीय होते याचा एक कागद, बाप त्या आजोबांचा मुलगा याचा दुसरा, आणि तुम्ही त्या बापाचे, याचा तिसरा. पहिले दोन दुवे बहुधा तिकडच्या दप्तरात आणि तिसरा येथल्या वहीत. आजोबांचा जुना रद्द केलेला पासपोर्ट ज्यांनी “आता कशाला” म्हणून टाकून दिला, त्यांच्या घरी हा पहिला दुवाच तुटलेला असतो.

कचेरी ऐकत नसेल तर काय करावे, हाही प्रश्न आहे. वशिल्याला इकडे प्रोतेक्सिया म्हणतात; येथले लोक थट्टेने त्याला ‘व्हिटॅमिन पी’ म्हणतात. दोन्ही शब्दांची गरज दोन्ही देशांत पूर्वीपेक्षा कमी झाली आहे, असे माझे मत आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणत्या दाखल्याला किती दिवस हे जाहीर करावे लागते, आणि मुदत उलटली तर अपील करता येते. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा त्याहून धारदार आहे, पण तो भारतीय नागरिकांनाच वापरता येतो. इस्राएली पासपोर्टवर आपण अर्ज करू शकत नाही, तिकडच्या नातलगाकडून करवून घ्यावा लागतो. येथे १९५८ चा एक छोटा कायदा आहे, ज्याची माहिती फारच थोड्यांना असते : लेखी अर्ज केला तर अधिकाऱ्याने ४५ दिवसांत उत्तर दिले पाहिजे, आणि नाकारले तर कारण लिहिले पाहिजे. त्यात ‘लेखी’ हा शब्द महत्त्वाचा. आपली माणसे येथे खिडकीशी तोंडी हुज्जत घालून परत येतात. तिकडे ज्यांनी आवकची पोच घेतल्याशिवाय कधी पाऊल मागे घेतले नाही, तीच माणसे! कारण लिहून मागा. तेही न मिळाल्यास राज्य नियंत्रकाकडे, म्हणजे मेवाकेर हमेदिनाकडे, तक्रार करता येते. त्याला पैसे पडत नाहीत.

शेवटी मृत्यूविषयी. येथे मृत्यूची नोंद झटकन होते. इस्पितळाची सूचना, हेव्रा कादिशा, गृहखाते, आणि तो नऊ आकडी क्रमांक बंद होतो. पण अष्टमीजवळच्या किंवा मुरुडजवळच्या एखाद्या गावच्या सातबाऱ्यावर तोच मनुष्य अजून जिवंत असतो. येथले वारसपत्र तिथल्या तलाठ्याला परस्पर कळत नाही. आपल्या समाजाच्या वारसाहक्काला भारतात १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू पडतो. ॲपोस्टिल केलेला मृत्युदाखला आणि वारसांची यादी घेऊन वारस नोंदीचा अर्ज करावा लागतो. मग फेरफार लिहिला जातो, गावात नोटीस लागते, आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. ती नोटीस चावडीवर लागते. डिमोनात किंवा लोदमध्ये बसून ती वाचता येत नाही. म्हणून तिकडच्या विश्वासू नातलगाला मुखत्यारपत्र द्यावे. ते तेल अवीवच्या भारतीय दूतावासात किंवा येथील नोटरीपुढे करून ॲपोस्टिल घेऊन पाठवता येते. एक बारकी अट मात्र लोक विसरतात : परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर तिकडचा मुद्रांक भरावा लागतो. पाकीट मिळाल्याची तारीख नातलगाने पाकिटावरच लिहून ठेवावी आणि पाकीट फेकू नये.

कोणाला आपापल्या कागदांविषयी विचारावयाचे असेल, त्यांनी आता विचारावे. कागद बरोबर आणले असतील तर पुढच्या टेबलाशी यावे. माझा चष्मा माझ्याजवळ आहे.